डिव्हचा ढिगारा, नवं सीएसएस आणि आपली मराठी पानं

परळकर (मूळ लेख)

परळमधल्या एका सार्वजनिक वाचनालयाचं संकेतस्थळ आम्ही काही सभासद मिळून नव्यानं बांधतोय. जुन्या पानाचा सोर्स (पानामागचा एचटीएमएल मजकूर) उघडला तर वरपासून खालपर्यंत डिव्हच डिव्ह, म्हणजे स्वतःचा काही अर्थ नसलेले नुसते डबे. शीर्षक म्हणजे ठळक केलेला स्पॅन (ओळीतला, तसाच अर्थ नसलेला टॅग), मेनूतला प्रत्येक दुवा म्हणजे क्लिक लावलेला डिव्ह, पुस्तकांची यादी म्हणजे डिव्हच्या पोटात डिव्ह. डोळ्यांना पान व्यवस्थित दिसतं. पण त्यातलं शीर्षक कुठलं, यादी कुठली, बटन कुठलं, हे ब्राउझरला कळायला मार्ग नाही. आणि ब्राउझरलाच कळलं नाही तर स्क्रीन रीडरला (पान वाचून ऐकवणाऱ्या प्रोग्रामला), सर्च इंजिनला, रीडर मोडला कुठून कळणार?

असं लिहिणाऱ्यांकडे एके काळी सबळ कारण होतं. फ्लोटच्या, म्हणजे घटक डावी-उजवीकडे सरकवून मांडणी करायच्या जमान्यात सारख्या उंचीचे तीन रकाने शेजारी शेजारी उभे करायचे तर बाहेरून एक वेष्टन, आतून एक, शेवटी क्लिअरफिक्स, हे सगळं करावंच लागायचं. मांडणीपायी मार्कअप, म्हणजे टॅगची रचना, वाकवावं लागत होतं. मार्च २०१७ मध्ये फायरफॉक्स ५२, क्रोम ५७ आणि सफारी १०.१ अशा तिघांतही सीएसएस (पानाचं रूप ठरवणारी भाषा) मधलं ग्रिड, म्हणजे ओळी-रकान्यांची मांडणी, आलं आणि ती सक्ती संपली. तरी इतक्या वर्षांनंतरही नवीन पानं जुन्याच सवयीनं लिहिली जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आम्ही काय केलं ते सांगतो. नवीन पुस्तकांचा विभाग म्हणजे एक सेक्शन, त्याला एचटू (दुसऱ्या पातळीचं शीर्षक), त्याखाली यूएल (यादी), प्रत्येक पुस्तक एक एलआय (यादीतली नोंद). एलआयमध्ये पुस्तकाचं नाव एचथ्रीत, लेखकाचं नाव एका परिच्छेदात, ‘उपलब्ध आहे / बाहेर आहे’ दुसऱ्या परिच्छेदात. एवढंच. मांडणीसाठी एकही डिव्ह नाही. यूएलला डिस्प्ले ग्रिड, रकान्यांना रिपीट, ऑटो-फिल आणि मिनमॅक्स. मोबाइलवर एक रकाना, लॅपटॉपवर चार, आणि त्यासाठी एकही मीडिया क्वेरी (पडद्याच्या रुंदीची अट) लिहावी लागली नाही.

खरी अडचण पुस्तकांच्या नावांची होती. एकाचं नाव दोन अक्षरी, तर शेजारच्याचं तीन ओळींचं. त्यामुळे लेखकाची नावं वरखाली व्हायची. पूर्वी अशा वेळी नावाच्या खान्याला ठरावीक उंची देऊन मोकळे व्हायचो, मग लांब नाव कापलं जायचं. सबग्रिडनं, म्हणजे आतल्या घटकाला बाहेरच्या ग्रिडच्याच रेषा वापरू देणाऱ्या सोयीनं, हे सुटलं. एलआय तीन ओळी व्यापतो, त्याच्या ओळी सबग्रिड, आणि एका रांगेतली सगळी नावं, सगळे लेखक, सगळ्या नोंदी आपोआप एका रेषेत येतात. फायरफॉक्समध्ये हे डिसेंबर २०१९ पासून होतं, सफारीत सप्टेंबर २०२२ मध्ये आलं, क्रोममध्ये सप्टेंबर २०२३ मध्ये.

पुस्तकाच्या चौकटीवर कुठेही टिचकी मारली तरी पुस्तक उघडावं, अशी ग्रंथपालांची इच्छा होती. त्यासाठी अख्खी चौकट दुव्यात कोंबायची गरज नाही. दुवा एचथ्रीमध्येच राहू द्या, त्याच्या आफ्टर स्यूडो-एलिमेंटला (सीएसएसनं जोडलेल्या आभासी घटकाला) पोझिशन अॅब्सोल्यूट आणि इनसेट शून्य द्या, एलआयला पोझिशन रिलेटिव्ह. ऐकणाऱ्याला दुवा म्हणून फक्त पुस्तकाचं नाव ऐकू येतं, बोटाला मात्र सगळी चौकट मिळते.

तुम्ही मराठी पानं बांधत असाल तर तुमचे अनुभव लिहा. विशेषतः देवनागरीमुळे सीएसएसमध्ये काय काय वेगळं करावं लागतं, यावर मला चर्चा हवी आहे.

दादर_फास्ट

वाचनखूण साठवली. आफ्टरची युक्ती उद्याच वापरतो. माझा एक प्रश्न आहे, लोकलच्या वेळापत्रकाबद्दल. घरी जाऊन सविस्तर लिहितो.

रात्रपाळी

लेख पटला, पण दुसरी बाजूही मांडायला हवी. मी अंधेरीतल्या एका एजन्सीत आहे. आमच्याकडे डिझायनरची फाइल येते, त्यावरून रिअॅक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीचे कंपोनंट (तयार तुकडे) जोडायचे असतात, आणि तयार कंपोनंटमध्येच सात थर डिव्ह असतात. क्लायंट मार्कअप बघत नाही, त्याचे पैसेही देत नाही. दुसरं, आपले वाचक जुने फोन वापरतात. सबग्रिड, कंटेनर क्वेरी (बाहेरच्या डब्याच्या रुंदीनुसार मांडणी बदलणं) हे सगळं त्यांच्याकडे चालतं का? चाललं नाही तर शिव्या आम्हालाच.

ऐकणारा

मी जन्मापासून दृष्टिहीन आहे. कॉम्प्युटरवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरतो, फोनवर टॉकबॅक. वर जे लिहिलंय ते माझ्या रोजच्या वापरात कसं उतरतं ते सांगतो, म्हणजे चर्चेला उपयोग होईल.

मी पान वरून खाली ऐकत बसत नाही, तेवढा वेळ कुणाकडेच नसतो. एनव्हीडीएमध्ये एच दाबला की पुढचं शीर्षक, के दाबला की पुढचा दुवा, बी म्हणजे बटन, टी म्हणजे तक्ता, एल म्हणजे यादी, डी म्हणजे पानाचा पुढचा मोठा भाग: मेन, नॅव्ह, फूटर. डोळस माणूस पानावर जशी नजर फिरवतो तसा मी एच दाबत जातो. शीर्षक जर ठळक केलेला स्पॅन असेल, तर मी एच दाबल्यावर ‘पुढे शीर्षक नाही’ एवढंच ऐकू येतं. यादी खरी असेल तर आत शिरतानाच किती गोष्टी आहेत ते कळतं, मग ऐकायची की ओलांडून जायची ते मी ठरवतो.

डिव्हचं बटन सगळ्यात त्रासदायक. खऱ्या बटनावर टॅबनं पोचता येतं, एंटर चालतो, स्पेस चालतो, आणि ‘बटन’ असं ऐकू येतं. डिव्हवर यातलं काहीच नाही. काही जण त्याला आरियाचा (स्क्रीन रीडरला घटकाची भूमिका सांगणाऱ्या अॅट्रिब्यूटचा) बटन रोल चिकटवतात. मग मला ‘बटन’ ऐकू येतं, मी एंटर दाबतो, आणि काहीच होत नाही, कारण कीबोर्डचं काम कुणी लिहिलेलंच नसतं. हे तर आणखी वाईट, पान माझ्याशी खोटं बोलतं. आरियाचा पहिला नियमच आहे की एचटीएमएलमध्ये तयार टॅग असेल तर तोच वापरा.

आता नव्या सीएसएसबद्दल एक विनंती. ग्रिड आणि फ्लेक्समध्ये (एका ओळीत किंवा रकान्यात मांडणी करायच्या सोयीत) ऑर्डर किंवा रो-रिव्हर्स वापरून गोष्टी इकडच्या तिकडे करता येतात. दिसायला क्रम बदलतो, पण मी आणि टॅब दाबत जाणारा प्रत्येक जण सोर्सच्याच क्रमानं जातो. एका फॉर्मवर मला ‘पाठवा’ आधी ऐकू आलं आणि नाव-पत्त्याचे रकाने नंतर. मांडणी कितीही लवचीक झाली तरी सोर्समध्ये वाचनाचा क्रम नीट ठेवा.

आणि भाषा. एचटीएमएल टॅगवर लँग अॅट्रिब्यूट एमआर असेल तर एनव्हीडीए मराठी आवाजाकडे वळतो. बहुतेक मराठी पानांवर तिथे ईएन असतं, कारण टेम्प्लेट तसंच आलेलं असतं. इंग्रजी आवाज मग देवनागरी गाळून पुढे जातो किंवा एकेक अक्षर सुटं वाचत बसतो. काही ठिकाणी एचआय असतं. मग हिंदी आवाज ‘चमचा’मधला च हिंदी पद्धतीनं उच्चारतो. समजतं, पण तासभर ऐकायला लागलं की कान थकतात. इंग्रजी परिच्छेद मध्येच आला तर त्या परिच्छेदावर ईएन लावा, तेवढ्यापुरता आवाज बदलतो.

परळकर

@ऐकणारा, हे सगळं आमच्या कामाच्या यादीत आजच टाकतो. मनापासून आभार.

@रात्रपाळी, जुन्या फोनचा मुद्दा रास्त आहे, आम्हीही आधी तेच तपासलं. अँड्रॉइडवर क्रोम प्ले स्टोअरमधून स्वतंत्रपणे अद्ययावत होतं, फोनची सिस्टीम जुनी असली तरी. अँड्रॉइड ७ च्या फोनवर ते क्रोम ११९ ला थांबलं. पण सबग्रिड ११७ मध्येच आलंय, कंटेनर क्वेरी आणि हॅज (घटकाच्या आत काय आहे ते बघून त्याला निवडणारी सोय) १०५ मध्ये. म्हणजे ज्याचं क्रोम अपडेट होत गेलं, त्याच्या जुन्या अँड्रॉइडवरही हे चालतं. काळजी आयफोनची जास्त घ्यावी लागते, कारण तिथे सफारी सिस्टीमला बांधलेली असते. आयफोन ७ आयओएस १५ च्या पुढे जात नाही. त्यावर १५.४ किंवा नंतरची सुधारणा असेल तर हॅज आणि कॅस्केड लेयर (सीएसएस नियमांचा अग्रक्रम लावायची सोय) मिळतात, पण कंटेनर क्वेरी आणि सबग्रिड नाहीत, ते दोन्ही सफारी १६ पासून आले.

अशा फोनवर काय होतं? सबग्रिडची ओळ ब्राउझर सोडून देतो आणि लेखकाची नावं थोडी वरखाली दिसतात. पुस्तक सापडतं, वाचता येतं. मार्कअप शाबूत असेल तर सीएसएस नापास झालं तरी पान कोसळत नाही. तरी शंका असेल तिथे सपोर्ट्सची, म्हणजे ब्राउझरला ती सोय येते का ते तपासणारी, अट घाला.

क्लायंट मागत नाही, याबद्दल. दिव्यांग हक्क कायदा २०१६ पासून आहे. सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ मध्ये सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीवजा ठेवता येणार नाहीत, बंधनकारक हवेत, असं सरकारला सांगितलं. एप्रिल २०२५ मध्ये ई-केवायसीच्या प्रकरणात त्याच न्यायालयानं डिजिटल सेवा वापरता येणं हा अनुच्छेद २१ खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. बँका, विमा, शेअर बाजारातल्या कंपन्या, म्हणजे मुंबईतल्या एजन्सींचे मोठे क्लायंट. त्यांना हे दाखवलं तर ते नक्की ऐकतील.

रात्रपाळी

न्यायालयाचा मुद्दा माहीत नव्हता, तो पुढच्या प्रस्तावात घालतो. आयफोन ७ ची माहितीही कामाची.

खिळेमोळे

आमच्या घरी गिरगावात छापखाना होता, आता मी स्क्रीनसाठी अक्षरजुळणीचं काम करतो. देवनागरी आणि सीएसएस हा माझा आवडता विषय, म्हणून जरा लांब लिहितो.

सगळ्यात आधी लेटर-स्पेसिंग. इंग्रजी टेम्प्लेटमध्ये शीर्षकांना थोडं अंतर दिलेलं असतं, ते मराठी मजकुरावर तसंच राहतं आणि शिरोरेषा तुटते. शब्दाचे तुकडे पडल्यासारखे दिसतात. देवनागरीला लेटर-स्पेसिंग शून्य ठेवा. शीर्षक उठून दिसायला हवं असेल तर आकार वाढवा, वजन वाढवा. तिरप्या टायपाचंही तसंच. बहुतेक देवनागरी फॉन्टना खरा तिरपा टाइप नसतोच, मग ब्राउझर सरळ अक्षरंच ढकलून तिरकी करतो आणि जोडाक्षरं विद्रूप होतात. एम टॅगचा (भर दाखवणाऱ्या टॅगचा) अर्थ राहू द्या, ऐकणाऱ्यांसाठी तो हवाच; सीएसएसमध्ये मात्र त्याला वजन किंवा रंग द्या.

लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची. रोमन लिपीला १.४ किंवा १.५ पुरतं. आपल्याकडे वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार. ‘र्कीं’ आणि खालच्या ओळीतला ‘द्धृ’ एकमेकांना भिडतात. मी मजकुराला १.७ च्या आसपास ठेवतो, शीर्षकाला १.३५ पेक्षा खाली जात नाही. लाइन-हाइट बिनएककाची लिहा, म्हणजे आतल्या लहानमोठ्या टायपाला आपापल्या प्रमाणात मिळते. आणि ओव्हरफ्लो हिडन (चौकटीबाहेर जाणारं लपवणारा नियम) जपून वापरा. घट्ट लाइन-हाइटच्या शीर्षकावर ते लावलं की पहिल्या ओळीचा रफार आणि शेवटच्या ओळीचा उकार कापला जातो. बातम्यांच्या संकेतस्थळांवर ‘दोन ओळींत कापा’ लावलेली शीर्षकं बघा, उकार गेलेले दिसतील. ऊकार अर्धा कापला तर तो ऱ्हस्व की दीर्घ हे कसं कळणार?

आता @ऐकणारा यांनी सांगितलेल्या एमआरचा डोळ्यांसाठीचा उपयोग. मराठी ल आणि श हिंदी वळणाहून वेगळे आहेत. अनेक चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात, आणि लँग एमआर असेल तर ब्राउझर फॉन्टमधून मराठी वळण उचलतो. नोटो सॅन्स देवनागरीत हे आहे. म्हणजे एकाच अॅट्रिब्यूटनं उच्चारही सुधारतो आणि अक्षरवळणही. मुलं शाळेत जो ल गिरवतात तोच पानावर दिसायला हवा, असं मला फार वाटतं.

फॉन्ट निवडताना आपल्याच मुंबईतल्या एक टाइप या मंडळींचं काम बघा. मुक्त आणि बलू हे दोन्ही त्यांचे, खुल्या परवान्याचे, गूगल फॉन्ट्सवर मोफत. मुक्तची वजनं भरपूर आहेत, त्यामुळे मजकूर आणि शीर्षक एकाच कुटुंबात बसतं. पुस्तकी चेहरा हवा असेल तर तिरो देवनागरी मराठी आहे, तो मराठी वळणासाठीच वेगळा काढलेला आहे.

एक धोका सांगून थांबतो. देवनागरी फॉन्टची फाइल जोडाक्षरांमुळे जड असते, म्हणून लोक ती छाटतात. छाटताना नुसत्या सुट्या अक्षरांची यादी देऊन जोडाक्षरांचे नियम उडवले की ‘क्ष’च्या जागी पाय मोडलेला क आणि शेजारी ष दिसतो. छाटा, पण जोडणीची कोष्टकं शाबूत ठेवा, डब्ल्यूओएफएफ-टू (वेबसाठी दाबून लहान केलेला फॉन्ट-प्रकार) वापरा आणि फॉन्ट-डिस्प्ले स्वॅप ठेवा, म्हणजे फॉन्ट उतरेपर्यंत वाचक कोऱ्या पानाकडे बघत बसणार नाही.

दादर_फास्ट

@खिळेमोळे, वा! क्रमांकित याद्यांना देवनागरी आकडे हवे असतील तर लिस्ट-स्टाइल-टाइपला देवनागरी ही किंमत आहे, ती पण यात जोडतो. ओएलचा अर्थ तसाच राहतो, हातानं १, २, ३ टाइप करायची गरज नाही.

नवशिकी

परळकरदादा, मी विलेपार्ल्यात कॉलेजला आहे, शेवटचं वर्ष. आम्हाला क्लासमध्ये बूटस्ट्रॅप या तयार सीएसएस-संचाचे क्लासेस पाठ करायला लावतात, ग्रिड शिकवलंच नाही. दोन प्रश्न आहेत. एक, सेक्शन कधी आणि डिव्ह कधी? आमचे सर सांगतात की प्रत्येक सेक्शनमध्ये नवीन एचवन चालतो. दोन, मी तुमचा पुस्तकांचा विभाग करून बघितला. एलआय लहानमोठा होईल तशी मांडणी बदलावी म्हणून एलआयलाच कंटेनर-टाइप इनलाइन-साइझ दिलं, तर सबग्रिड चालेनासं झालं. काय चुकलं?

रात्रपाळी

दुसऱ्याचं उत्तर मी देतो, यावर नुकतंच डोकं फोडून झालंय. कंटेनर केलेला घटक स्वतःची स्वतंत्र मांडणी सुरू करतो, आतलं बाहेर आणि बाहेरचं आत मिसळू देत नाही. सबग्रिडला नेमकं बाहेरच्या ग्रिडशी नातं हवं असतं. म्हणून एकाच घटकावर दोन्ही नांदत नाहीत. कंटेनर एक पायरी वर ने: सेक्शनला कंटेनर कर, यूएल ग्रिड राहू दे, एलआय सबग्रिड. सेक्शन मुख्य रकान्यात असेल तेव्हा वेगळी मांडणी, बाजूच्या पट्टीत असेल तेव्हा वेगळी. तुला हवं ते होईल.

परळकर

अगदी बरोबर, आमच्याकडे तसंच आहे.

@नवशिकी, पहिल्याचं उत्तर. ज्या भागाला स्वतःचं शीर्षक देता येईल तो सेक्शन. शीर्षक सुचत नसेल आणि घटक फक्त मांडणीसाठी हवा असेल तर डिव्ह, त्यात काही गैर नाही. एक लक्षात ठेव, सेक्शनला आरिया-लेबल्डबायनं नाव जोडलं नाही तर डी दाबणाऱ्याला तो सापडत नाही. प्रत्येक सेक्शनमध्ये एचवन ही कल्पना एचटीएमएलच्या प्रमाण नियमावलीत होती, त्यावरून शीर्षकांच्या पातळ्या ब्राउझर स्वतः काढतील अशी अपेक्षा होती. कुठल्याच ब्राउझरनं ते पूर्ण अमलात आणलं नाही आणि २०२२ मध्ये तो भाग नियमावलीतून काढून टाकला. तेव्हा पानाला एक एचवन, त्याखाली एचटू, त्याखाली एचथ्री, मधली पातळी न गाळता. अक्षराचा आकार बघून टॅग निवडायचा नाही, आकार ही सीएसएसची जबाबदारी.

बूटस्ट्रॅप वाईट नाही, पण आधी ग्रिड आणि फ्लेक्स हातानं लिहून बघ. महिनाभर एकही क्लास न लावता नुसत्या टॅगनी पान लिही आणि सीएसएस बंद करून वाच. तसं ते वाचता आलं, तर पाया पक्का झाला.

दादर_फास्ट

आता माझा प्रश्न. आमचा प्रवाशांचा एक गट आहे, आम्ही लोकलच्या वेळा छोट्या पानावर टाकतो, कारण चित्र म्हणून फिरणारं वेळापत्रक मोठं केलं की धूसर होतं. डावीकडे स्थानकं, वर गाड्या, स्लो आणि फास्ट रंगानं वेगळ्या. मोबाइलवर मावत नाही म्हणून मी तक्त्याला डिस्प्ले ब्लॉक देऊन प्रत्येक ओळीचं कार्ड केलं. दिसतं छान. हे चालेल का?

ऐकणारा

माझ्यासाठी नाही. तक्त्याचा डिस्प्ले बदलला की अनेकदा ब्राउझर त्याला तक्ता मानणंच सोडून देतो. खऱ्या तक्त्यात मी कंट्रोल-ऑल्ट आणि बाण दाबून एका रकान्यात खाली उतरत जातो, आणि प्रत्येक खान्यात स्थानकाचं नाव ऐकू येतं: ‘माटुंगा’, मग वेळ. तुमच्या कार्डात मला नुसत्या वेळा ऐकू येतील, कुठल्या स्थानकाच्या ते कळणार नाही. प्लॅटफॉर्मवर उभं राहून एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात फोन असताना ते शोधत बसता येत नाही.

तक्ता तक्ताच ठेवा. कॅप्शनमध्ये मार्ग आणि दिशा लिहा. स्थानकांना टीएच आणि स्कोप रो, गाड्यांना टीएच आणि स्कोप कॉल. आणि स्लो-फास्ट शब्दांत लिहा. रंग मला दिसत नाही आणि रंगांधळ्यालाही पुरत नाही.

परळकर

यात मांडणीची बाजू जोडतो. तक्त्याभोवती एक डिव्ह, त्याला ओव्हरफ्लो-एक्स ऑटो, टॅबइंडेक्स शून्य, रोल रीजन आणि नाव, म्हणजे कीबोर्डनंही आडवं सरकता येईल. स्थानकांच्या टीएचला पोझिशन स्टिकी आणि इनसेट-इनलाइन-स्टार्ट शून्य, त्याखाली अपारदर्शक पार्श्वभूमी. वेळा सरकतील, स्थानकांची नावं डावीकडे टिकून राहतील. आकड्यांना टॅब्युलर-नम्स (सगळे आकडे सारख्या रुंदीचे) द्या, फॉन्टमध्ये सोय असेल तर वेळा एकाखाली एक नीट बसतात.

खिळेमोळे

आणि फिका करडा रंग नको. फलाटावर दुपारच्या उन्हात तो दिसत नाही. डब्ल्यूसीएजी या वेब-सुगम्यतेच्या मार्गदर्शक नियमांच्या एए पातळीला साध्या मजकुरासाठी ४.५ ला १ एवढा कॉन्ट्रास्ट लागतो. वेबएम ही संस्था दरवर्षी दहा लाख मुख्य पानं यंत्रानं तपासते. २०२४ मध्ये ९५.९ टक्के पानांवर दोष सापडले आणि त्यात सगळ्यात जास्त आढळलेला दोष फिका मजकूर हाच होता. देवनागरीच्या बारीक रेषा तर आणखी लवकर विरतात.

दादर_फास्ट

समजलं. कार्डं काढून तक्ता परत आणतो, स्लो-फास्ट शब्दांत घालतो.

परळकर

आमच्याकडे आता सभासद-नोंदणीचा फॉर्म बाकी आहे. प्रत्येक खान्याला खरा लेबल टॅग, प्लेसहोल्डरवर विसंबायचं नाही. चूक झाली की हॅज आणि यूजर-इनव्हॅलिड वापरून पूर्ण खाना ठळक करायचा, शिवाय काय चुकलं ते खाली मराठीत लिहायचं. फोकसची (कीबोर्ड सध्या कुठल्या घटकावर आहे ते दाखवणारी) चौकट काढायची नाही, फोकस-व्हिजिबलनं ती जाड आणि गडद करायची.

ऐकणारा

चुकीचा मजकूर आरिया-डिस्क्राइब्डबायनं त्या खान्याला जोडा, नाहीतर तो खाली लिहिलेला आहे हे मला कळणार नाही. पासवर्डच्या खान्यात पेस्ट बंद करू नका, पासवर्ड मॅनेजर आम्हाला फार उपयोगी पडतो. ओटीपीच्या सहा अंकांसाठी सहा वेगळे खाने नकोत, एकच खाना आणि त्याला ऑटोकंप्लीट वन-टाइम-कोड. पान तयार झालं की दुवा इथे टाका, एनव्हीडीए आणि टॉकबॅक दोन्हींवर तपासून लिहितो.